सतरा नंबरची गाडी

स्वारगेटच्या एस.टी. स्टँडमागे, टायरवाल्यांच्या ओळीत, शिकलगारांचं लेथचं दुकान होतं. तिथं पहिल्यांदा येणारं गिऱ्हाईक आत डोकावून हमखास विचारायचं, ‘‘मालक कुठायत?’’ लेथवर वाकलेली बाई मान वर न करता म्हणायची, ‘‘समोर उभे आहेत. काम सांगा.’’ काहीजण काम सांगायचे, काहीजण परत फिरायचे. परत फिरलेल्यांपैकी बरेचसे आठवड्याभरात पुन्हा यायचे, कारण दुसरीकडे करून घेतलेला शाफ्ट थरथरत असायचा. ती त्यांना टोमणा मारायची नाही. फक्त रांगेत शेवटी बसवायची.

तिचं नाव नसीमबानू. तिच्या आजोबा-पणजोबांनी तलवारींना आणि पुढं कात्र्यांना धार लावून पोट भरलं. वडील शकीलभाई यांनी लेथ घेतला. सन बासष्टमध्ये त्याच लेथच्या पट्ट्यात त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. नसीम तेव्हा सोळा वर्षांची होती, धाकटा भाऊ नियाज नऊ वर्षांचा. वडील दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसत आणि सांगत, नसीम करत असे. वर्षभरात त्यांचं सांगणं कमी झालं, दोन वर्षांत थांबलं. मग ते नुसतेच बसायचे आणि लेथच्या आवाजावरून पोरीचा हात कसा चाललाय ते ओळखायचे.

लग्नाची दोन स्थळं आली. दोन्हीकडून एकच अट होती: लेथ सोडायचा. दुसऱ्या वेळी नसीमनं मुलाच्या आईला शांतपणे विचारलं, की तुमच्या मुलाला कुणी नोकरी सोडायला सांगितलंय का. त्यानंतर तिसरं स्थळ आलं नाही. वडील गेले, नियाज शिकून बँकेत लागला, त्याचा संसार झाला. नसीमबानू चाळिशीला पोचली तेव्हा दुकानावरच्या पाटीवर तिनं वडिलांच्या नावाखाली स्वतःचं नाव रंगवून घेतलं. नियाजनं हळूच विचारलं, ‘‘आपा, ह्याची गरज आहे का?’’ ती म्हणाली, ‘‘आहे. लोक अजून मालक शोधतात.’’

सन शहाऐंशीच्या हिवाळ्यात मांजरीचे सर्जेराव उंद्रे दुकानात आले. त्यांच्या गुऱ्हाळातल्या ऊस गाळायच्या चरकाचा रूळ एका बाजूनं झिजला होता आणि हंगाम तोंडावर आला होता. रूळ काढून पुण्याला आणणं जिकिरीचं होतं, म्हणून नसीमबानू माप घ्यायला स्वतः मांजरीला गेली. माप घेऊन झाल्यावर हात धुवायला ती गुऱ्हाळामागच्या हौदाकडं वळली आणि तिथंच थांबली.

घाणेरीच्या झुडपात एक लोखंडी गाडी रुतली होती. वरून उघडी, खांद्याइतकी उंच, जाड पत्र्याच्या पेटीसारखी. चाकांना टायर नव्हते. दोन्ही बाजूंनी लोखंडी कड्यांचे पट्टे होते, एकेका पट्ट्यात दीड-पावणेदोनशे कड्या, आणि प्रत्येक दोन कड्यांना जोडणारी एक पीन. पट्टे गंजून घट्ट झाले होते. नसीमबानूनं एका पिनेवरची माती नखानं खरवडली. आतलं पोलाद अजून चांगलं होतं.

सर्जेराव मागून आले. म्हणाले, ‘‘ती व्हय? पट्ट्याची गाडी. म्हाताऱ्यानं आणली हुती, खडकीच्या लष्करी लिलावातनं. हितं आता प्लॉट पाडायचेत. येत्या मंगळवारी भंगारवाला येतोय कापायला.’’

‘‘कापू नका,’’ नसीमबानू म्हणाली. स्वतःच्याच तोंडून एवढ्या चटकन शब्द निघालेले पाहून तिलाही नवल वाटलं. ‘‘रुळाच्या कामाचं काही देऊ नका. ही द्या.’’

सर्जेराव हसले. त्यांना वाटलं बाई चेष्टा करतेय. पण गुऱ्हाळाच्या पडवीत त्यांची आई बायडाबाई गुळाच्या ढेपांची फडकी घडी करत बसली होती, ती तिथूनच म्हणाली, ‘‘दे तिला. तू तर कापायलाच निघालायस.’’

मग बायडाबाईनं नसीमबानूला जवळ बसवून घेतलं आणि गाडीची हकिकत सांगितली. तिचे मालक सोनबा यांनी अठ्ठेचाळीस साली ती आणली. काळ्या रानात बैल रुतायचे तिथं ही चालायची. नांगर ओढायची, पावसात अडकलेल्या उसाच्या गाड्या ओढून काढायची. एका वर्षी ऐन लागणीत सोनबांना टायफॉइड झाला. तेव्हा तीन महिने बायडाबाईनं स्वतः गाडी चालवली, नऊवारीचा काष्टा घट्ट मारून.

‘‘गावानं तोंडं वाकडी केली,’’ ती म्हणाली. ‘‘म्या म्हनलं, मग तुमी चालवा. येत कुनाला हुतं?’’

नसीमबानू ह्या बाईच्या हातांकडं बघत राहिली. तिला वाटलं, आपल्या पाटीवरचं नाव पाहिलं तरी हसणार नाही असं माणूस आज पहिल्यांदा भेटलं.

गाडी ट्रेलरवर चढवून स्वारगेटला आणली आणि दुकानामागच्या मोकळ्या जागेत उतरवली. तासाभरात टायरवाले, रिक्षावाले, स्टँडवरचे हमाल असा मेळावा जमला. लेथवाल्या बाईनं रणगाडा आणला, अशी बातमी पेठांपर्यंत गेली. तिसऱ्या दिवशी पोलीस आले. कुणीतरी तक्रार केली होती. फौजदारांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि हत्यार कुठं लपवलंय असं विचारलं. नसीमबानू म्हणाली, ‘‘हत्यार नाही. इंजिनही बंद आहे. ह्या गाडीनं दंगल करायची म्हटलं तर आधी चारजणांना ढकलावी लागेल.’’ फौजदारांना हसू आलं, पण त्यांनी मालकीचा कागद आठ दिवसांत हजर करायला सांगितलं.

ती पुन्हा मांजरीला गेली. बायडाबाईनं पत्र्याची ट्रंक उघडली. लग्नातल्या शालूच्या घडीत लिलावाची पावती होती, पिवळी पडलेली, पण शाबूत. त्यावर सोनबांचं नाव होतं, तारीख होती आणि गाडीचा लष्करी नंबर होता. पोलिसांचं काम त्यानं भागलं. नसीमबानूचं मात्र तिथूनच सुरू झालं. पावतीआधी ही गाडी कुणाची होती, कुठं होती, हे तिला हवं होतं.

नियाजच्या बँकेत पेन्शन न्यायला यज्ञेश्वर मेहेंदळे नावाचे एक गृहस्थ यायचे. नारायण पेठेत राहायचे, विधुर होते, वय सत्तरीच्या आसपास. महायुद्धाच्या काळात ते लष्कराच्या वाहन डेपोत कारकून होते आणि त्या वेळच्या गाड्यांच्या नंबरांची टिपणं त्यांनी हौसेनं जपली होती. नियाजनं बहिणीचा हट्ट त्यांच्या कानावर घातला. नसीमबानू त्यांच्याकडं गेली तेव्हा त्यांनी पावती चष्मा वर-खाली करून दोनदा वाचली.

‘‘आपण रणगाडा म्हणता ते हे नव्हे,’’ ते म्हणाले. ‘‘ह्याला कॅरिअर म्हणतात. मशीनगन आणि चार माणसं वाहून न्यायची गाडी. अशा हजारोंनी होत्या. तेव्हा फार हुरळून जाऊ नये.’’

‘‘हजारोंनी होत्या ना? मग पुण्यात दुसरी एक दाखवा.’’

मेहेंदळ्यांनी पावती घडी करून तिला परत दिली. मग उठून त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि म्हणाले, ‘‘चला. बघू तरी.’’

त्या दिवसापासून ते जवळजवळ रोज दुकानामागं येऊन बसू लागले. त्यांनी पहिली गोष्ट शिकवली ती न करायची. नसीमबानू ग्राइंडर घेऊन गंज उडवायला निघाली होती. त्यांनी तिला थांबवलं. ‘‘रंग घासून टाकलात तर वह्या जाळल्यासारखं होईल,’’ ते म्हणाले. मग दोघांनी मिळून पाण्याच्या पॉलिशपेपरनं, एका वेळी तळहाताएवढी जागा घेऊन, रंगाचे थर उतरवले. सगळ्यात वर सोनबांनी मारलेला निळा रंग निघाला. त्याखाली लालसर, गंजाला आवरणारा. त्याखाली लष्करी हिरवा. आणि त्या हिरव्यावर, दोन्ही बाजूंना आणि मागच्या पत्र्यावर, हातभर उंचीचा पांढरा आकडा होता: सतरा.

मेहेंदळ्यांना हा आकडा आवडला नाही. आघाडीवर जाणाऱ्या गाडीवर एवढा मोठा, लांबून दिसणारा नंबर कुणी घालत नसे. हिरव्याच्या खाली वाळूच्या रंगाचा थरही मिळाला नाही, म्हणजे आफ्रिकेच्या वाळवंटात ती गेली नव्हती. तीन आठवडे ते कोड्यात होते. उत्तर नसीमबानूला सापडलं, तेही कागदात नव्हे, लोखंडात. ड्रायव्हरच्या शेजारच्या जागेसमोर, पायाशी, एक दांडा होता. तो दांडा ब्रेकच्या सळईला जोडलेला होता. कारखान्यातल्या जोडापेक्षा त्याचं वेल्डिंग ओबडधोबड होतं, पण हिरवा रंग त्याच्यावरून गेलेला होता.

‘‘हे सोनबांनी केलेलं नाही,’’ तिनं मेहेंदळ्यांना सांगितलं. ‘‘लष्करातच केलंय, कुणीतरी हातानं. शेजारी बसणाऱ्याला ब्रेक कशाला लागतो, सांगा.’’

मेहेंदळे खाली वाकले, दांड्यावर त्यांनी पाय ठेवून पाहिला. ब्रेकची सळई हलली. ‘‘शिकवणारा,’’ ते म्हणाले. ‘‘शेजारी उस्ताद बसत असणार. आणि मैदानात लांबून ओळखू यावी म्हणून हा मोठा नंबर.’’

त्यानंतर त्यांनी पत्रं लिहायला सुरुवात केली, टपालखर्च स्वतः करून, उत्तर न आल्यास दर महिन्याला तेच पत्र पुन्हा. आठ महिन्यांनी एका जुन्या यादीची टंकलिखित नक्कल आली. पावतीवरचा नंबर तिच्यात होता. गाडी बेचाळीस ते सेहेचाळीस नगर रस्त्यावरच्या एका तात्पुरत्या छावणीत होती. तिथं गावाकडच्या पोरांना पट्ट्याच्या गाड्या चालवायला शिकवत. युद्ध संपलं, छावणी मोडली, गाडी लिलावात निघाली. तिच्यावरून एक गोळी झाडली गेली नव्हती आणि तिनं आघाडीही पाहिली नव्हती.

नियाज म्हणाला, ‘‘म्हणजे एवढं सगळं करून निघालं काय, तर ड्रायव्हिंग स्कूलची गाडी.’’  नसीमबानूला गाडी आता जास्तच आपली वाटू लागली होती.

ती दुरुस्त करायला सव्वादोन वर्षं लागली. दिवसा गिऱ्हाइकांची कामं, रविवारी गाडी. इंजिन जुन्या फोर्डचं, आठ सिलिंडरचं. त्याचे सुटे भाग जुन्या बाजारात एकेक करून मिळाले. चाकांवर रबर चढवणारा भवानी पेठेत सापडला. पट्ट्यांच्या पिना मात्र कुठंच मिळेनात. तेव्हा नसीमबानूनं साडेतीनशे पिना स्वतः लेथवर काढल्या, भट्टीत लाल केल्या आणि तेलात विझवल्या. शेवटची पीन ठोकून झाली तेव्हा तिच्या उजव्या मनगटाला सूज होती आणि मेहेंदळ्यांनी डॉक्टरकडं जायचा आग्रह धरल्यावर ती म्हणाली, की पुढच्या तीनशेच्या आधी जाऊन येईन.

एकोणनव्वदच्या मार्चमध्ये एका रविवारी दुपारी इंजिनानं दोनदा उचकी दिली, निळा धूर सोडला आणि पकड घेतली. पत्र्याच्या शेड थरथरल्या. टायरवाल्यांनी हातातली कामं टाकली. नसीमबानूनं गिअर टाकला, स्टिअरिंग किंचित वळवलं, तसा पट्टा धनुष्यासारखा वाकला आणि चार टनांची गाडी अलगद डावीकडं वळली. ती इंजिन बंद करून गाडीतून उतरली. वडिलांची खुर्ची दुकानाच्या दारात अजून असायची. ती तिच्यावर जाऊन बसली आणि पाणी प्यायली.

गाडी चालू झाल्याची बातमी वर्तमानपत्रात आली आणि पंधरवड्यात आप्पासाहेब आले. आप्पासाहेब बांधकामाच्या धंद्यातले, हडपसरकडं त्यांचं वजन मोठं. त्यांनी एक स्मारक समिती काढली होती आणि एका चौकात चौथरा बांधून तयार होता. त्यांना त्यावर ही गाडी हवी होती. रंगकाम, वाहतूक, सत्कार, सगळं समिती बघणार होती. नसीमबानूला सुरुवातीला बरं वाटलं. तिनं गाडीची सगळी हकिकत त्यांना सांगितली, नक्कल दाखवली. आप्पासाहेबांनी कागद न वाचता परत दिला.

मग त्यांनी खिशातून संगमरवरी पाटीचा मजकूर काढला. त्यात लिहिलं होतं, की ह्या रणगाड्यानं इटलीच्या रणभूमीवर शत्रूची फळी फोडली आणि त्यात जयसिंग नावाच्या वीरानं प्राणार्पण केलं.

‘‘जयसिंग म्हणजे माझे चुलते,’’ आप्पासाहेब म्हणाले.

नसीमबानूनं मजकूर दोनदा वाचला. म्हणाली, ‘‘चुलते इटलीत गेले असतील. ही गाडी गेलेली नाही. ही नगर रस्त्याच्या पुढं गेली नाही.’’

‘‘कोण बघायला येणार आहे?’’

‘‘मी येणार आहे. रोज त्या चौकातून जाते.’’

आप्पासाहेबांनी आवाज चढवला नाही. बाईंनी विचार करावा, असं म्हणून ते गेले. पण निमंत्रणपत्रिका छापायला पडल्या, पंधरा ऑगस्टची तारीख घालून. दुकानाची जागा भाड्याची होती. जागामालक आप्पासाहेबांच्या ओळखीचे निघाले आणि त्यांना अचानक ती जागा नातवासाठी हवी झाली. पंधरा ऑगस्टपर्यंत मागची मोकळी जागा खाली करा, अशी नोटीस आली. दुकानाची वीज दोनदा तुटली. नियाज घरी येऊन बसला आणि कळवळून म्हणाला, ‘‘आपा, एक पाटी आहे ती. दगडावरची अक्षरं. देऊन टाक. उद्या लोक म्हणतील, शिकलगारांना शहिदाचा मान ठेवता येत नाही. आपल्याला हे ऐकून घेणं परवडतं का?’’

त्याचं भय खोटं नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. 

‘‘अब्बांनी कधी कमी मापाचा शाफ्ट बरोबर आहे म्हणून दिला का?’’ तिनं विचारलं. ‘‘मग मी कशी देऊ? आणि आपण कोण आहोत म्हणून गप्प बसायचं असेल, तर पाटीवर नाव लावलंच कशाला?’’

नियाज उठून गेला. आठ दिवस तो आला नाही.

जुलैत मिरजेला मामेबहिणीच्या घरी लग्न होतं. नसीमबानू तीन दिवस तिकडं गेली. परत आली तर गाडी वाळूच्या रंगानं रंगवलेली होती आणि पुढच्या पत्र्यावर कुठल्याशा डिव्हिजनचं चिन्ह काढलं होतं. समितीचे पेंटर येऊन गेले होते. जागामालकांनी फाटक उघडून दिलं होतं. सतरा आकडा रंगाखाली गेला होता.

तिनं प्रवासाची पिशवी खाली ठेवली. थिनरचा डबा आणि चिंध्या घेतल्या आणि भर दुपारी, सगळ्या ओळीच्या देखत, पुढच्या पत्र्यापासून सुरुवात केली. रंग अजून कच्चा होता. टायरवाल्यांपैकी दोघं बघत होते, मग त्यातला एक आपल्या दुकानातून चिंध्या घेऊन आला. संध्याकाळपर्यंत सहा-सातजण घासत होते. मेहेंदळे छत्री उघडून उभे होते आणि जुना हिरवा रंग जिथं निघू लागे तिथं ‘‘बास, आता हलक्या हातानं’’ म्हणत होते. सतराचा पांढरा रंग एका ठिकाणी थोडा उडाला. नसीमबानूनं तो नंतरही पुन्हा रंगवला नाही.

आता गाडी इथं ठेवणं शक्य नव्हतं. मांजरीला निरोप गेला. सर्जेरावांनी बरेचसे प्लॉट विकले होते, पण गुऱ्हाळाजवळचा एक तुकडा बायडाबाईच्या नावावर होता आणि तो तिनं विकू दिला नव्हता. तिचा उलटा निरोप आला, की शेड उभी आहे, घेऊन ये.

पंधरा ऑगस्टला सकाळी सात वाजता समितीचा ट्रेलर दुकानाच्या गल्लीत शिरला. गाडीवर घालायला झेंडूचे हार होते. नसीमबानू तेव्हा ड्रायव्हरच्या जागेवर बसलेली होती आणि इंजिन चालू होतं. समितीच्या माणसानं हात वर करून थांबायला सांगितलं. ती म्हणाली, की पंधरा तारखेला जागा खाली करायची नोटीस आहे, मी ती पाळतेय, ट्रेलर मागं घ्या. त्यानं एकदा पट्ट्यांकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं, आणि ट्रेलर मागं घेतला.

मेहेंदळे शेजारच्या जागेवर चढून बसले होते. त्यांनी विचारलं, ‘‘आपण गाडी पळवतो आहोत की मिरवणूक काढतो आहोत, तेवढं सांगा. त्याप्रमाणे टोपी घालतो.’’

‘‘घाला,’’ ती म्हणाली.

सोलापूर रस्त्यानं गाडी निघाली. लोखंडी पट्ट्यांचा खडखडाट लांबूनच ऐकू येत होता. लोक गॅलऱ्यांत आले. शाळेला झेंडावंदनाला निघालेली मुलं कडेला उभी राहिली. इंजिन तापलं की थांबून पाणी घालायचं आणि पुढं निघायचं. हडपसरला वाहतूक पोलिसाला वाटलं संचलनाचीच गाडी आहे. त्यानं दोन्हीकडची रहदारी अडवली आणि खाडकन सॅल्यूट ठोकला. नसीमबानूचे दोन्ही हात गुंतले होते, म्हणून मेहेंदळ्यांनी तो स्वीकारला. ज्या चौकात आप्पासाहेबांचा चौथरा होता तिथं मांडव घातलेला होता, खुर्च्या लागल्या होत्या आणि लाउडस्पीकरवर गाणी चालू होती. मांडवातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, पाहुणी आली. नसीमबानूनं चौथऱ्याकडं मान वळवून पाहिलं आणि गाडी तशीच पुढं नेली. टाळ्या हळूहळू थांबल्या.

मांजरीला बायडाबाई दारात उभी होती. तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, गाडीवरून आणि मग नसीमबानूवरूनही.

दुसऱ्या दिवशी, नसीमबानू अजून मांजरीलाच असताना, आप्पासाहेब एकटेच तिथं आले. ते भांडायला आले असणार, पण शेडमध्ये शिरल्यावर त्यांना बसावंसं वाटलं. ते म्हणाले, ‘‘माझा बाप मरेपर्यंत भावाची वाट बघत होता. तिकडून एक तार आली, बाकी काही नाही. कपडे नाहीत, फोटो नाही. दाखवायला काहीतरी हवं होतं मला.’’

नसीमबानूला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. तिला वाईट वाटलं, पण तिनं शब्द बदलला नाही. ‘‘त्यांचं खरं काय असेल ते शोधू,’’ ती म्हणाली. ‘‘मेहेंदळे पत्रं लिहितील. पण दुसऱ्याची गाडी त्यांच्या अंगावर घालणार नाही.’’

आप्पासाहेब उठून गेले.

ह्या सगळ्या प्रकाराची बातमी छापून आली, गाडीच्या फोटोसकट. तिचा परिणाम कुणीच धरला नव्हता. सप्टेंबरातल्या एका रविवारी सासवडकडचे दत्तोबा नावाचे म्हातारे मांजरीला विचारत विचारत आले. हातात काठी, डोक्यावर फेटा, छातीला दोन पदकं.  शेडमध्ये येऊन त्यांनी सतरा आकड्यावर हात ठेवला.

‘‘त्रेचाळीसला हिच्यावर शिकलो,’’ ते म्हणाले. ‘‘त्या आधी म्या सायकल बी चालवली नव्हती. उस्ताद शेजारी बसायचा. चुकलं की त्याचा पाय ब्रेकवर आन् हात माझ्या कानावर.’’

नसीमबानूनं त्यांना आधार देऊन गाडीत चढवलं. त्यांचे पाय पेडलांवर न चाचपडता बसले. त्यांनी सांगितलं, की इथून ते ब्रह्मदेशात गेले, दोन वर्षं अशीच गाडी चालवली, चिखलात, पुलावरून, रस्ता नसलेल्या डोंगरात. बरोबरचे पाचजण परत आले नाहीत. ‘‘हितं शिकलो म्हणून म्या आलो,’’ ते म्हणाले आणि फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसले. मेहेंदळे वही काढून लिहून घेत होते. 

दोन वर्षांत असे अकराजण आले. भोरचे, पुरंदरचे, एक थेट परभणीहून. प्रत्येकाचं नाव, गाव, साल मेहेंदळ्यांच्या वहीत गेलं. एकदा दत्तोबा असताना आप्पासाहेब आले आणि त्यांनी जयसिंगांबद्दल विचारलं. दत्तोबांनी खूप आठवून पाहिलं. शेवटी म्हणाले, ‘‘न्हाई, साहेब. खोटं कशाला सांगू. आमच्यात न्हवते ते.’’ आप्पासाहेब तरीही तासभर बसून राहिले.

मेहेंदळ्यांनी कबूल केल्याप्रमाणे पत्रं लिहिली. दीड वर्षानं उत्तर आलं. जयसिंग खेचरांच्या तांड्यावर होते. डोंगरावरच्या सैनिकांना पाणी पोचवताना तोफगोळा जवळ पडून गेले. नसीमबानू स्वतः तो कागद घेऊन आप्पासाहेबांकडं गेली. तिनं सांगितलं, की पाणी नेणाऱ्या माणसाची पाटी करणार असाल तर खांब मी लेथवर फुकट कातून देईन. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला, चहा पाजला आणि विषय काढला नाही. चौथऱ्यावर पुढं कारंजं झालं. ते पहिल्या उन्हाळ्यात बंद पडलं.

शेडबाहेर नसीमबानूनं स्वतःच्या हातानं पत्र्याची पाटी लावली. तिच्यावर छावणीचं साल होतं, अकरा ड्रायव्हरांची नावं होती, मग सोनबा उंद्रे यांचं नाव, आणि त्याखाली: ‘बायडाबाई उंद्रे, तीन महिने, उसाची लागण’. सर्जेराव म्हणाले, की शेवटची ओळ लोक वाचून हसतात. बायडाबाई म्हणाली, हसू देत, वाचतात ना.

शहाण्णव साली पुण्यात जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. नसीमबानू तेव्हा पन्नास वर्षांची होती. मेहेंदळे त्याआधीच्या वर्षी गेले होते आणि त्यांच्या सगळ्या वह्या तिच्याकडं आल्या होत्या. प्रवेशाच्या टेबलावर एक तरुण गृहस्थ बसले होते. त्यांनी अर्ज भरून घेतला. गाडी कुणाची, ह्या रकान्यात त्यांनी तिच्यामागं उभ्या असलेल्या नियाजकडं पाहून त्याचं नाव विचारलं आणि लिहिलंही. लढाईतली कामगिरी ह्या रकान्यावर पेन ठेवून ते थांबले.

‘‘कामगिरी नसेल तर ह्या गटात घेता येणार नाही, मॅडम,’’ ते म्हणाले. ‘‘निदान कुठल्या तरी आघाडीचं नाव लिहू या.’’

नसीमबानू काही म्हणायच्या आत नियाज पुढं झाला. ‘‘आघाडी लिहू नका,’’ तो म्हणाला. ‘‘आणि वरचं नाव खोडा. गाडी माझी नाही. ती माझ्या बहिणीची आहे.’’

नसीमबानूनं अर्ज आपल्याकडं ओढून घेतला. नियाजच्या नावावर एक सरळ रेघ मारून तिनं आपलं पूर्ण नाव लिहिलं. लढाईच्या रकान्यात ‘नाही’ असं लिहिलं. त्यांनी गाडी कुठल्याच गटात घेतली नाही, म्हणून तिनं ती मैदानाच्या फाटकासमोर, रस्त्याच्या कडेला उभी केली, आणि दोन्ही दिवस आत जाणारा प्रत्येक माणूस आधी तिच्यापाशी थांबला.